सरपण, मशीन आणि बांधावरची चिंच

कुरियरवाल्यानं खोका ओट्यावर ठेवला आणि मोठ्यानं हाक मारली. वाजवायला दार नव्हतं. शनिशिंगणापूरच्या शिवारातल्या आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून आजी चौकटीला एक फळी टेकवून ठेवते, तेवढंच. गावात २०११ साली बँकेची शाखा आली, तीसुद्धा 'बिनकुलपाची शाखा' म्हणून देशभर गाजली. तिथं आमच्या घराचं काय घेऊन बसलात!

खोक्यात चेन सॉ होती. ५८ सीसीचं इंजिन, २२ इंची पातं. आमच्याकडं तिला कुणी चेन सॉ म्हणत नाही, नुसतं 'मशीन' म्हणतात. दादानं ती फोनवरून मागवली होती. कारणही तसंच होतं. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या वादळात ओढ्याकाठची जुनी बाभूळ मुळासकट उन्मळून पडली, ती थेट गाडीवाटेवर. ट्रॅक्टर अडकला. लाकूडतोडे मिळेनात, मिळाले तर मजुरी परवडेना. तेवढ्या मजुरीत थोडी भर घातली की मशीन येते, असा दादाचा हिशोब.

मी पुण्यात इतिहास शिकते आणि सुट्टीला घरी आले होते. मशीन चालवून बघायला घरातले सगळे ओढ्याकाठी जमले, त्यात मीही होते. त्या एका सकाळी जे पाहिलं, त्यानं माझ्या डोक्यात एक प्रश्न सोडून दिला. एक झाड आडवं करायला माणसाला आजवर किती वेळ लागत आला? आणि तो वेळ संपला की झाडाचं काय होतं?

पहिला काप

आधी तयारी. एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिली टू-टी ऑइल मिसळायचं, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. साखळीला वंगण मिळावं म्हणून दुसऱ्या टाकीत वेगळं तेल. नवी साखळी चालवल्यावर सैल पडते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं ताण तपासायचा. दादा चपला घालून निघाला होता. आजीनं त्याला अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. "पाय गेल्यावर मशीन चाटायची का? बूट घाल."

चोक ओढला, दोरी ओढली. एकदा, दोनदा, सात वेळा. नुसता पेट्रोलचा वास. चुलते म्हणाले, "ओव्हर झालं. प्लग काढ, पूस, आणि दहा मिनिटं गप बस." दहा मिनिटांनी दुसऱ्याच झटक्यात मशीन पेटली. ओढ्यातले बगळे उडाले, आणि पुढं कुणाचं कुणाला ऐकू येईना.

बाभळीचं खोड बुडाशी दीड फूट जाड होतं. मी फोनवर वेळ लावली. पहिला काप : १ मिनिट ४० सेकंद. लालसर भुसा कारंज्यासारखा दादाच्या बुटांवर पडत होता आणि ओल्या बाभळीचा तुरट वास सुटला होता. एकदाच सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. पात्याच्या टोकाची वरची कड मागच्या फांदीला लागली आणि मशीन उसळून दादाच्या तोंडाकडं आली. हाताच्या पुढचा ब्रेक पडला, साखळी जागच्या जागी थांबली. पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत लिहिलंय : टोकानं कधी कापायचं नाही. वाचलं सगळ्यांनी होतं, कळलं मात्र तेव्हा.

दुपारच्या जेवणाआधी बाभळीचे तुकडे वाटेच्या कडेला रचून झाले होते. आजी त्या ढिगाकडं बघत म्हणाली, "तुझे आजोबा आन् त्यांचा भाऊ, दोघं जण दोन बाजूनी करवत ओढायचे. एवढ्या झाडाला दोन दिस लागायचे. तिसऱ्या दिशी हात वर होत नसायचे."

दोन दिवस आणि अर्धी सकाळ. मला हवा असलेला इतिहास या दोहोंच्या मधे होता.

मुठीतली कुऱ्हाड

आमचा तालुका नेवासा. नेवासा म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच प्रवरेच्या काठच्या मातीत त्याहून कितीतरी जुनी एक गोष्ट सापडली आहे. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी नेवाशात उत्खनन केलं. पुढं १९६० च्या दशकात गुड्रुन कॉर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी नेवाशाजवळ चिरकी इथं खोदलं. तिथं दगडी हत्यारांचा ढीगच हाती लागला. त्यात हातकुऱ्हाडी होत्या. काही लाख वर्षांपूर्वीच्या.

हातकुऱ्हाड म्हणजे दांडा नसलेली कुऱ्हाड. दगडाला टवके काढून कड धारदार करायची आणि मुठीत धरून वापरायची. तिनं फांदी तोडता येते, काठीला टोक काढता येतं, हाड फोडता येतं. दीड फुटाची बाभूळ मात्र तिच्यापुढं निवांत उभी राहिली असती.

नंतर धातू आला. आमच्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथं तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्या गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं. तिचा काळ साधारण इसवी सनपूर्व १४०० ते ७००. हे लोक शेती करत, लाकडी खांब रोवून कुडाची घरं बांधत, घरात चूल असे. पण आपल्या काळ्या कातळात तांबं नाही, ते बाहेरून आणावं लागे. म्हणजे कुऱ्हाड हातात होती, पण ती दागिन्याइतकी जपायची वस्तू होती. सहा कुऱ्हाडी सापडल्या याची बातमी होते, ती यामुळंच.

लोखंड आल्यावर कुऱ्हाड घरोघर आली. तरी झाड पाडणं सोपं झालं नाही, शक्य झालं इतकंच. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव माणसाच्या खांद्यातून जातो. त्यामुळं कुठलं झाड तोडायचं याचा विचार आधी खांदा करायचा.

झाडाचा हिशोब कोण ठेवतो?

राज्यकर्त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडं खांदे पुष्कळ असतात.

विजापूरच्या किल्ल्यावर 'मलिक-ए-मैदान' नावाची तोफ आहे, वजन सुमारे ५५ टन. ती ओतली गेली अहमदनगरात, १५४९ साली, निजामशाहीत. तोफेवर ओतणाऱ्या रूमीखानाचं नाव कोरलेलं आहे. तेवढा धातू वितळवायला जी झाडं कोळसा होऊन जळाली, त्यांचा लेख कुठं कोरलेला नाही. सरपणाचा इतिहास असाच असतो, राख होऊन गेलेला.

अपवाद एक आहे, आणि तो मराठीतच आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याची चर्चा आहे. सागवान वगैरे रानातून परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. आंबा, फणसही जहाजाला चालतात, पण त्यांना हात लावू नये. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं.

हे मी कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'पर्यावरणाचा विचार' म्हणून परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता वाटतं, त्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. तोडण्याआधी थांबायला लावणारं कुणीतरी हवं, हे अमात्यांना ठाऊक होतं. शेतकऱ्याला त्याचा खांदा थांबवतो. सरकारला थांबवायला सरकारचीच आज्ञा लागते.

पुढं इंग्रज आले. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी जंगलं लागू लागली. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस या जर्मन माणसाच्या हाताखाली वनखातं आलं, १८६५ आणि १८७८ मध्ये कायदे आले. जंगल 'राखीव' झालं. राखीव कुणासाठी, हे विचारायची सोय नव्हती. कालपर्यंत डोंगरातून मोळी आणणारी बाई एका कागदानं गुन्हेगार ठरली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच वनखात्यावर कोरडे ओढलेत, की त्यानं डोंगर, दऱ्या, कुरणं घशात घातली आणि शेतकऱ्याच्या शेरडांना चरायला जागा उरली नाही.

तो राग पन्नास वर्षांनी बाहेर पडला. १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं, पण महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात मीठ कुठलं? तिथं लोकांनी जंगलचा कायदा मोडला. १० जुलैला पुसदजवळ बापूजी अण्यांनी राखीव रानातलं गवत कापून सत्याग्रह केला. २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला लोक रानात शिरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गवत आणि लाकूडफाटा या दोन गोष्टींसाठी.

एक अळी आणि एक साखळी

मशीनची स्वतःची गोष्टही चमत्कारिक आहे. साखळीची करवत पहिल्यांदा झाडासाठी झालीच नाही, माणसाच्या हाडासाठी झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी दोन टोकांना मुठी असलेली बारीक दातेरी साखळी वापरली. अडलेल्या बाळंतपणात जघनाचा सांधा मोकळा करायला आणि सडलेलं हाड काढायला. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतं. १८३० मध्ये जर्मनीच्या बर्नहार्ड हाइननं त्या साखळीला पात्यावर बसवून हँडलनं फिरवलं.

झाडाकडं ती वळली विसाव्या शतकात. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टिल यांनी जर्मनीत विजेवरची आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची करवत काढली. ही पेट्रोलवाली सुमारे ४६ किलोची होती, धरायला दोन माणसं लागत. म्हणजे आमच्या आजोबांच्या करवतीसारखंच, दोन टोकांना दोघं.

आणि मग १९४६. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. ओंडक्यात त्याला एक अळी दिसली, बोटाएवढी. ती लाकूड खात होती, उभं-आडवं, कसंही, जराही न अडता. कॉक्सनं तिचे जबडे भिंगातून पाहिले. ते डावीकडं आणि उजवीकडं आळीपाळीनं चालत होते. त्याच आकाराचे दाते त्यानं पोलादात बनवून साखळीवर एक डावा, एक उजवा असे बसवले. १९४७ पासून ती साखळी विकायला लागली. आज जगभरच्या मशिनींवर तीच घडण थोड्याफार फरकानं फिरते. दादाच्या मशीनवरही. मी साखळी हातात घेऊन बघितली, खरंच, एक दाता इकडं वळलेला, पुढचा तिकडं.

सरपणाच्या ढलपीत सापडलेल्या एका अळीनं कुऱ्हाडीचा काही हजार वर्षांचा वेग मोडून टाकला.

"आम्ही झाड तोडलं नाही"

संध्याकाळी चुलीपाशी आजीला मी हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण सरपणाला झाड कोण तोडतं?"

मला प्रश्नच कळला नाही.

ती सांगू लागली. तिच्या उभ्या आयुष्यात चुलीसाठी म्हणून एकही झाड तोडलेलं नव्हतं. जळणात काय असायचं? तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, उसाचं वाळलेलं पाचट, ओढ्यात वाहून आलेल्या काटक्या, वाऱ्यानं पडलेल्या फांद्या. १९७२ च्या दुष्काळात हेही मिळेना. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि परतताना वाटेतलं जे जळेल ते पदरात गोळा करायचं. "सरपण वेचायचं असतं," ती म्हणाली. "तोडायचा तो माळवदाचा सर, नाहीतर गाडीचं जू."

आणि मग कोडं सुटल्यासारखं झालं. बाभूळ आमच्याकडं कधीच सरपणाचं झाड नव्हती. नांगर, पाभर, कुळव, बैलगाडीची चाकं, कुऱ्हाडीचा दांडा, सगळं बाभळीचं. पडलेल्या बाभळीला सुतार लगेच मागणी घालायचा. आता नांगर लोखंडी, गाडीला टायर, बैल एखाद-दोन घरी. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, बांध अरुंद झाले. दीड फुटी बाभळीला आज 'जळण' याशिवाय दुसरा उपयोग उरलेला नाही. आणि आमच्या घरी जळण तरी किती लागतं? २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर वस्तीवर बहुतेक घरांत सिलिंडर आला. चूल पेटते ती अंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला. त्यासाठीही मशीननं कापलेला ओंडका चालत नाही, तो परत कुऱ्हाडीनं फोडावाच लागतो.

मग एवढं वेगानं कापलेलं लाकूड जातं कुठं? वखारीत. तिथून धाब्यांच्या, गुऱ्हाळांच्या, वीटभट्ट्यांच्या तोंडात. मशीन चुलीसाठी घेतली असं आम्ही म्हणत होतो. चुलीला तिची गरज नव्हती.

पाच मिनिटांचं काम

हे लक्षात यायला आणि चिंचेचा विषय निघायला एकच गाठ पडली.

आमच्या उत्तरेच्या बांधावर एक चिंच आहे. पणजोबांनी लावलेली. तिच्या सावलीत कांदा पोसत नाही, ही दादाची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. दोन वाफे दरवर्षी वाया जातात. चिंचेचं लाकूड चिवट, घाण्याला आणि खाटकाच्या ठोकळ्याला त्याला तोड नाही, म्हणून वखारवाल्याचा डोळा तिच्यावर होताच. इतकी वर्षं विषय निघायचा आणि विरायचा. माणसं कुठून आणायची, दोन-तीन दिवस कोण देणार, मजुरी किती जाईल, यातच हंगाम निघून जायचा.

आता चुलते ओंडक्यावर बसून सहज म्हणाले, "मशीन गरम हाये तवर चिंच पण घेऊ उरकून. पाच मिन्टाचं काम."

ते 'पाच मिनिटं' मला टोचलं. कारण ते खरं होतं. चिंचेला इतकी वर्षं आमच्या प्रेमानं वाचवलं नव्हतं, आमच्या आळसानं वाचवलं होतं. करवतीच्या त्या दोन दिवसांनी.

मी फोन काढला आणि १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा शोधला. त्याच्या यादीत आंबा आहे, जांभूळ आहे, मोह आहे आणि चिंच आहे. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. दादा वैतागला. "तुमच्या पुण्यात बसून कायदे वाचायला काय जातं? कांदा तू काढणार का?" त्यालाही उत्तर नव्हतं माझ्याकडं. कांद्याचा भाव पडला की घरात काय होतं, हे त्यानं सोसलंय, मी फोनवर ऐकलंय. मी एवढंच म्हणाले, "नको म्हणत नाही मी. आज नको म्हणते."

वडील तोवर काही बोलले नव्हते. ते उठले, चिंचेखाली जाऊन वर बघून आले आणि म्हणाले, "आधी कांद्याच्या बाजूच्या खालच्या दोन फांद्या छाटू. ऊन कितपत येतं बघू. एक हंगाम जाऊ द्या."

तेवढ्यावर ठरलं. चिंच वाचली असं मी म्हणणार नाही. तिला एक हंगाम मिळाला.

राहिला प्रश्न मशीनचा. ठेवायची कुठं? चोराची भीती आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या कुणी धरली नाही. भीती होती ती घरातल्याच पोरांची, आणि 'जरा देता का, पाच मिनिटांचं काम आहे' म्हणत येणाऱ्यांची. दाराविना घर, त्यामुळं मशीन सगळ्यांच्याच हाताशी. शेवटी दादानंच तोड काढली. काम झालं की साखळी उतरवायची, गोल कानशीनं धार लावायची, फडक्यात गुंडाळायची आणि आजीच्या पत्र्याच्या पेटीत तिच्या लुगड्यांखाली ठेवायची. पेटीलाही कुलूप नाही. पण साखळी हवी असेल तर आजीकडं मागावी लागते, आणि आजी देण्याआधी विचारते, "कोणतं झाड?"

परवा दादाचा फोन आला होता. ओढ्यातली वेडी बाभूळ काढायची होती, आजीनं साखळी लगेच दिली म्हणे. कांदा लावून झालाय. चिंचेच्या बाजूच्या दोन वाफ्यांत दुपारपर्यंत ऊन येतं. पुढं काय होतं, ते कांदा काढल्यावर बघू.